शटडाऊनचं पाणी कुठल्या वहीत?

प्रति,
समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर शटडाऊन आखणारे कंपन्यांचे अधिकारी,
आणि ते आराखडे तपासणाऱ्या सरकारी यंत्रणा

स. न. वि. वि.

मी मुरूड तालुक्यातला. घर कोळीवाड्यात आणि नोकरी झाली मुंबई हायच्या समुद्री तेलपट्ट्यात, प्रोसेस ऑपरेटर म्हणून. चौदा दिवस दर्यात, चौदा दिवस घरी, असं चोवीस वर्षं. आता निवृत्त आहे. माझे थोरले काका तांडेल होते, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा धरला की वाळूवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात. त्यातली एखादी काका कागदावर उचलून आमच्या ओट्यावर आणून ठेवायचे आणि मी सुट्टीवर असलो की विचारायचे, "यो माल तुमचाच ना रं?"

मी सांगायचो, नाही काका, टँकर जातात ना समोरून, ते टाक्या धुतात, त्यांचं असतं. खोटं नव्हतं ते. जहाजांची रांग आम्हाला रोज दिसते, आणि गोळीवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण हे उत्तर देताना मी एक गोष्ट गिळायचो. काकांना ते कळत असावं, कारण पुढे काही न बोलता ते रॉकेलचा बोळा घेऊन डोलीचं जाळं पुसायला बसायचे.

ती गिळलेली गोष्ट आज लिहितो आहे. ती गोळ्यांची नाही. वाळूवर ज्याचा डाग उमटत नाही अशा पाण्याची आहे, शटडाऊनमध्ये निघणाऱ्या पाण्याची.

शटडाऊन म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पण पत्र उघडं आहे, आमच्या मच्छीमार सोसायटीतली पोरंही वाचतील, म्हणून थोडक्यात. विहिरीतून नुसतं तेल येत नाही. तेल, वायू, पाणी आणि रेती एकत्र येतात. मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. इतक्या वर्षांच्या क्षेत्रात तेलाच्या जोडीला पाणी भरपूर येणारच. सेपरेटर नावाच्या मोठ्या टाकीत या सगळ्यांची फारकत होते. तेल समुद्रतळावरच्या वाहिनीतून उरणला जातं, पाणी आणखी साफ करून प्लॅटफॉर्मखाली समुद्रात सोडतात. हे झालं रोजचं. या रोजच्या पाण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. त्यावर चोवीस तास माणूस बसलेला असतो. मीच बसलेलो आहे.

शटडाऊनची गोष्ट वेगळी. उत्पादन थांबवायचं, दाब उतरवायचा, टाक्या आणि वाहिन्या रिकाम्या करायच्या, धुवायच्या, वाफवायच्या, झाकण उघडून आत माणूस उतरवायचा, गंजलेलं बदलायचं आणि पुन्हा चालू करायचं. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाला बेरी राहते ना, तशी सेपरेटरच्या तळाला मागच्या शटडाऊनपासूनची बेरी साठलेली असते. मेण, रेती, डांबर. लोखंडाचं सल्फाइड, जे सुकलं की हवेत आपोआप पेट घेतं, म्हणून सतत ओलं ठेवावं लागतं, म्हणजे आणखी पाणी. काही पाइपांत खडूसारखा कडक थर बसतो. त्यात जमिनीच्या पोटातून आलेलं किरणोत्सर्गी रेडियम असू शकतं, म्हणून किरणोत्सर्ग मोजणारा मीटर लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, पाण्यात विरघळलेला असतो, तो वेगळाच. आणि या सगळ्यावर आपण वरून ओततो: तेल सुटावं म्हणून डिग्रीझर, थर सुटावा म्हणून सायट्रिक आम्ल, गंज रोखणारं रसायन, जंतू मारणारं रसायन.

हे सगळं मिळून जे वाहतं ते साफ कोण करणार? रोजचं पाणी साफ करणारी यंत्रणाच ना? तीच तर बंद असते! पाणी गोल फिरवून तेल वेगळं करणारे हायड्रोसायक्लोन उघडून डेकवर ठेवलेले, बुडबुड्यांनी तेल वर उचलणाऱ्या फ्लोटेशनच्या टाकीत वेल्डर उतरलेला, पाणी परत विहिरीत टोचणारे पंप थंड. वर्षातलं सगळ्यात घाण पाणी ज्या दिवशी निघतं, त्याच दिवशी पाण्याची मोरी दुरुस्तीला काढलेली असते. एखाद्या घरात असं कोणी केलं तर शेजारी हसतील.

बरं, यंत्रणेचा काही भाग चालू ठेवला तरी उपयोग मर्यादित. हायड्रोसायक्लोनला सारखा दाब आणि सारखा प्रवाह लागतो; शटडाऊनचं पाणी येतं उचकी लागल्यासारखं. आणि डिग्रीझरने तेलाचे इतके बारीक थेंब करून ठेवलेले असतात की ते गोल फिरवून वेगळे होत नाहीत. आपल्या घरी तेलकट तवा साबणाने धुतल्यावरचं पाणी बघा. तवंग वर येत नाही, पाणी दुधट होतं. आपण समजतो तेल गेलं. गेलेलं नसतं, लपलेलं असतं.

आता माझ्यावरचं सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा एक शटडाऊन. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर विषय तेवढ्यापुरताच होऊन बसेल, आणि तो तेवढ्यापुरता नाही. पाचव्या दिवशी स्लॉप टाकी, म्हणजे तेलकट घाण पाणी साठवायची टाकी, भरली. पाणी न्यायला सप्लाय बोट आली होती, पण समुद्र उठलेला. क्रेनवाला म्हणाला, या हेलकाव्यात भरलेली टाकी बोटीवर उतरवणार नाही, खाली माणसं उभी आहेत. तो शंभर टक्के बरोबर होता. बोट दोन दिवस लांब थांबून राहिली. इकडे दुसरा सेपरेटर धुवायला घेतलेला. त्याचं पाणी ठेवायचं कुठे?

रात्रपाळीला वरून निरोप आला: केसनमधून हळूहळू जाऊ दे. केसन म्हणजे प्लॅटफॉर्मच्या पोटाखाली समुद्रात बुडवलेला, तळ उघडा असलेला जाडजूड पाइप. त्यात तेल वर तरंगावं, ते पंपाने काढून घ्यावं आणि खालून पाणी जावं, अशी रचना. पावसाच्या पाण्याला, डेक धुतल्याच्या पाण्याला ती ठीक आहे. साबणात लपलेलं तेल वर तरंगतच नाही. पाण्याबरोबर सरळ खाली जातं. व्हॉल्व्ह मी उघडला. मीच. वहीत लिहिलं, "डेक ड्रेन". जोडीला फायर वॉटरचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा, होजही केसनमध्ये सोडून ठेवला होता, कोणी नमुना घेतलाच तर पातळ यावा म्हणून. पहाटे कठड्यावरून खाली पाहिलं तर पाण्यावर रंगीत पट्टा लांबत गेलेला आणि त्याच्या कडेने दोन ट्रॉलर जाळं ओढत होते. गुजरातचे होते की आपले, वरून कळलं नाही.

पुढे काही झालं नाही. कोणी आजारी पडलं नाही, कोणी विचारलं नाही. शटडाऊन ठरल्यापेक्षा एक दिवस आधी संपला आणि मेसमध्ये सगळ्यांना गुलाबजाम मिळाले.

त्या रात्रीच्या लोकांना मी खलनायक करत नाही. सुपरव्हायझर भला माणूस होता. त्याच्या जागी मी असतो तर तोच निरोप दिला असता. त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवलेल्या होत्या: काम थांबवून रोजचा तोटा अंगावर घ्यायचा, किंवा केसन. तिसरी वाट आराखड्यात घालायचं काम तुमचं होतं.

कायदा काय म्हणतो? पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूचीत समुद्रात सोडायच्या पाण्याची मर्यादा दिली आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात, ते पातळ न करता, तेल लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर नसावं. ही अट ९५ टक्के निरीक्षणांना लागू. १०० च्या वर मात्र कधीच नसावं. दिवसात आठ-आठ तासांनी तीन नमुने घ्यायचे आणि त्यांची सरासरी धरायची. उत्तर समुद्रातल्या देशांनी २००७ पासून महिन्याच्या सरासरीला ३० ची मर्यादा ठेवली आहे. अमेरिकेत महिन्याची सरासरी २९ आणि एका दिवसाची कमाल ४२. म्हणजे आपला ४० चा आकडा अगदीच जगावेगळा नाही. माझं दुखणं तो मोजण्याच्या रीतीत आहे.

३६५ दिवसांचे पाच टक्के किती होतात? सव्वाअठरा दिवस. आणि एक मोठा शटडाऊन किती दिवसांचा असतो, ते तुम्हीच सांगा. एखाद्या दिवशी यंत्र बिघडेल, एखाद्या दिवशी विहिरीतून रेती जास्त येईल, अशा वेळेसाठी ती सूट असणार हे मला मान्य. पण कागदावर अख्खा शटडाऊन त्या सुटीत मावतो. ३४७ दिवस रोजचं पाणी ३५ वर ठेवा, १८ दिवस शटडाऊनचं पाणी ९५ ने सोडा, वर्ष पास. एका दिवसाचंही तेच. एक नमुना १००, उरलेले दोन १० आणि १०; सरासरी बरोबर ४०.

यातही नियमाने डोळ्यासमोर ठेवलं आहे ते अखंड वाहणारं पाणी. शटडाऊनचं पाणी खेपेने जातं. टाकी भरली, सोडली, भरली, सोडली. ५० घनमीटरची टाकी ताशी २५ घनमीटरच्या पंपाने दोन तासांत रिकामी होते. सकाळी सहाचा नमुना आणि दुपारी दोनचा नमुना यांच्या मधे ती आली काय आणि गेली काय! वहीत काहीच दिसणार नाही, आणि वही खोटीही ठरणार नाही.

मोजतो तेही फक्त तेल. जंतुनाशक तेलात धरत नाहीत, आम्लही नाही, हायड्रोजन सल्फाइड मारायला घातलेलं रसायनही नाही. नमुना ३० दाखवत असताना त्या पाण्यात कोळंबीचं पिल्लू जगेल का, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या फॉर्मवर नसतोच. आणि शटडाऊनचे महिने म्हणजे उघडीपीचे महिने. म्हणजे नेमके आमच्याही धंद्याचे महिने. जून-जुलैला बंदी असते तेव्हा आम्हीही घरी आणि दर्या उठलेला म्हणून तुमची मोठी कामंही थंडच. बाकीच्या वर्षात आपण दोघं एकाच पाण्यात असतो.

मग सगळं पाणी टाक्यांत भरून किनाऱ्यावर आणायचं का? आमच्याकडचे काही कार्यकर्ते हेच मागतात. भावना समजते, पण मी या मागणीच्या विरोधात आहे, आणि ते सभेत बोलून शिव्याही खाल्ल्या आहेत.

समजा एका शटडाऊनमध्ये २,००० घनमीटर घाण पाणी निघालं. क्रेनने उचलायची टाकी चार घनमीटरची धरली तर ५०० टाक्या. भरलेली खाली, रिकामी वर, म्हणजे हजार वेळा माणसांच्या डोक्यावरून वजन फिरणार, तेही हलत्या बोटीवर. १६० किलोमीटर डिझेल जाळत ते पाणी आणायचं, ज्यात बहुतेक सगळं पाणीच आहे. आणि उतरवायचं कुठे? न्हावा-उरणच्या बाजूला, तिथून टँकरने रस्त्याने पुढे. म्हणजे समुद्राच्या मधोमध निघालेली घाण खाडीकाठच्या गावांच्या दारात. त्या गावांनी बंदर, टाक्या, वाहिन्या, सगळं आधीच अंगावर घेतलेलं आहे. वाटेत एक टँकर उलटला तर तो खाडीतच जाणार; तिथे पाणी खेळतं नाही, भरतीने आत आणि ओहोटीने थोडंसं बाहेर.

म्हणून जागच्या जागी शुद्ध करणं हेच बरोबर. २,००० घनमीटरमधून तेल आणि गाळ दोन टक्के निघाला असं धरा: ४० घनमीटर, दहा टाक्या. त्या दहा टाक्या मात्र किनाऱ्यावर आल्याच पाहिजेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे तेलयुक्त गाळ हा घातक कचरा आहे आणि त्याची सोय तळोज्याला आहे. रेडियमचा थर निघालाच तर त्याची वाट आणखी वेगळी. पण दहा टाक्यांचा हिशोब ठेवता येतो, प्रत्येकीवर नंबर घालता येतो. पाचशेंचा कोण ठेवणार?

हे तंत्र आकाशातून आणायचं नाही. कंटेनरएवढ्या चौकटींत बसवलेली यंत्रं भाड्याने मिळतात. आधी गाळ बसायची टाकी, मग रेती आणि चिखल वेगळा करणारा सेंट्रिफ्यूज. हायड्रोजन सल्फाइड बंद टाकीतच मारायचा, उघड्यावर नाही, नाहीतर पाणी साफ होईल आणि माणूस जाईल. मग डिग्रीझरने केलेला दुधटपणा मोडायचा. त्याला आम्लता बदलावी लागते, कधी गरम करावं लागतं, कधी वेगळं रसायन लागतं, आणि कुठलं लागेल ते तिथल्या तेलावर ठरतं, म्हणून बाटलीतली चाचणी आधी किनाऱ्यावर करून घ्यायची. मग बारीक बुडबुड्यांनी तेल वर उचलायचं, शेवटी कोळशाच्या किंवा खास मातीच्या गाळणीतून काढायचं. यातली एकही पायरी नवी नाही. गाळणीचा कोळसा संपल्यावर बदलायला दुसरा ठेवलेला असणं, हे मात्र मला कमी ठिकाणी दिसलं आहे.

डिग्रीझर कुठला वापरता यावर अर्धी लढाई ठरते, हे खरेदी विभागाला कोणीतरी सांगा. जो दहा मिनिटांत तेल पकडतो आणि टाकीत उभा राहिला की तासाभरात सोडून देतो, असा मिळतो. जो पकडून ठेवतो तो स्वस्त असतो. टाकी दोन्हींनी चकाचक होते, म्हणून निविदेत स्वस्त जिंकतो आणि पुढच्या गाळण्यांचा जीव जातो.

"डेकवर जागा नाही" हे उत्तर मला पाठ आहे, मीच ते ऑडिटवाल्यांना दिलेलं आहे. जागा नसते हे खरं. पण परांचीच्या पाइपांना जागा होते, वेल्डिंगच्या सेटना होते, दोनशे जास्तीच्या माणसांसाठी शेजारी बार्ज उभी करता येते. मग त्याच बार्जवर चार कंटेनर का मावत नाहीत? पहिली फ्लँज, म्हणजे पाइपाचा जोड, उघडण्याच्या आधी ही यंत्रं बसवलेली, समुद्राच्या पाण्यावर चालवून बघितलेली असली पाहिजेत. आमच्याकडे नेहमी उलटं व्हायचं. माणसं पहिल्या हेलिकॉप्टरने यायची, पंप तिसऱ्या बोटीने.

आणि शुद्ध केलेलं पाणी थेट सोडायचं नाही. दोन टाक्या हव्यात: एक भरत असताना दुसरी चाचणीसाठी थांबलेली. तेल मोजणारं हातातलं यंत्र काही मिनिटांत आकडा देतं. नमुना केसनच्या आधी घ्यायचा, फायर वॉटरचा थेंब मिसळण्याआधी. खेप ४० च्या आत असेल तर सुटेल, नसेल तर परत पहिल्या टाकीत जाईल. या खेपांना ९५ टक्क्यांची सूट नाही, तीन नमुन्यांची सरासरी नाही, रोजच्या पाण्यात मिसळून हिशोब नाही. शटडाऊनच्या पाण्याची वही वेगळी. माझी मूळ मागणी एवढीच आहे, बाकीचं सगळं तिच्या पोटात येतं. नियम बदलायची वाट बघायची गरजही नाही. आराखडा मंजूर करताना अट म्हणून लिहा. त्याच अटीत कुठलं रसायन किती लिटर ओतलं तेही येऊ द्या, आणि काही खेपांचं पाणी कोळंबीच्या पिल्लांवर तपासून घ्या.

परत फिरवलेल्या खेपेला वेळ लागतो, आणि खरी अडचण इथेच आहे. शटडाऊन कंट्रोल रूममध्ये आराखड्याचा लांबलचक कागद भिंतीवर लावलेला असतो. अमुक व्हॉल्व्ह बदलणे, सहा तास. अमुक टाकी उघडणे, आठ तास. मी त्यावर घाण पाण्याची स्वतंत्र ओळ कधी पाहिली नाही. "ड्रेन आणि फ्लश" असं लिहिलेलं असतं, पण ड्रेन होऊन पुढे काय, तो कागद बोलत नाही. कंत्राटदाराला उशिराचा दंड रोजच्या हिशोबाने. लवकर संपवलं तर शाबासकी. पाणी नापास झालं म्हणून बारा तास थांबलो, असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला तुम्ही पैसे कापून पाठवणार असाल तर तो थांबेल कशाला? पाण्यासाठी थांबलेले तास दंडातून वगळा. पाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीला दिवसांवर पैसे देऊ नका आणि किती पाणी सोडलं यावरही देऊ नका. पास झालेल्या खेपेवर द्या. आणि नमुना तिच्याच माणसाने घेऊन तिच्याच यंत्रावर तपासायचा, ही पद्धत बंद करा. आमच्या मासळी बाजारातसुद्धा विकणाऱ्याच्या काट्यावर गिऱ्हाईक दोनदा बघून घेतं.

देखरेखीचं बोललंच पाहिजे. राज्याचा समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जेमतेम बावीस किलोमीटर. त्यापलीकडचं सगळं दिल्लीचं. तेल सांडलं तर तटरक्षक दल धावतं, आणि ते काम ते चोख करतं. प्लॅटफॉर्मवरच्या कामाच्या सुरक्षेसाठी २००८ चे नियम आहेत. पण अपघात नाही, रोजचं उत्पादनही नाही, अशा मधल्या पंधरा-वीस दिवसांत कोण जिना चढून येतं? कोळ्याला तर प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या आत यायची बंदी. असायलाच हवी, २००५ च्या जुलैत मुंबई हाय नॉर्थला बोट आदळून काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. पण त्यामुळे एवढंच होतं की बघणारे डोळे सगळे तुमच्याच पगारावरचे असतात.

मोठं तेल सांडतं तेव्हा सगळ्यांना दिसतं. १९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायहून येणाऱ्या वाहिनीतून हजारो टन तेल गेलं, त्या आगोटीला आमच्याकडे घराघरांत तोच विषय होता. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईसमोर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आपटली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर लोकांनी मासळी घेणंच सोडलं. याच कारणाने आमच्या सोसायटीतल्या एकाने मला हे पत्र लिहू नको म्हणून सांगितलं. म्हणाला, दादा, तू लिहिशील, पेपरवाले छापतील, आणि बोंबलाचा भाव आमचा पडेल. तेलवाल्यांचं काही जाणार नाही. त्याचं म्हणणं मी दोन महिने मनात घोळवलं. तो चुकीचा नाही. लपवून ठेवलेलं पाणी परवडतं, कारण कळलं तर नुकसान आमचंच होतं, हे तुमच्याइतकंच आम्हालाही माहीत आहे. मी तरी लिहितो आहे, कारण आधी कळलं तर तांडेल बोट दुसरीकडे वळवतो, आणि नंतर कळलं तर पकडलेलं फेकावं लागतं.

डांबरगोळ्यांचंही तुमच्या फायद्याचं सांगतो. प्रत्येक क्षेत्राच्या तेलाची घडण वेगळी असते. होपेन, स्टेरेन अशा सावकाश मोडणाऱ्या रेणूंवरून गोळी कुठल्या तेलाची ते प्रयोगशाळेत जुळवता येतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या गोळ्यांचा अभ्यास करते. तुमच्या प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या तेलाचा आणि शटडाऊनच्या गाळाचा एकेक नमुना तिथे जमा करून ठेवा. मग पुढच्या पावसाळ्यात किहीम, काशीद, मुरूडला आलेली गोळी जुळली तर जुळली. नाही जुळली तर टँकरवाल्यांकडे बोट दाखवायला तुम्हाला माझ्यासारख्या ऑपरेटरची साक्ष लागणार नाही. काकांना मी चोवीस वर्षं जे उत्तर दिलं, ते तेव्हा तरी खात्रीचं होईल. ते ऐकायला काका आता नाहीत, पण प्रश्न विचारणारे आहेत.

आता शेवटची, छोटी मागणी. शटडाऊन सुरू व्हायच्या आठ दिवस आधी कुठला प्लॅटफॉर्म, कुठल्या तारखा, पाणी सोडायच्या वेळा, आणि संपल्यावर किती खेपा, किती नापास, हे किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांना मराठीत कळवा. वेबसाइटवर इंग्रजी पीडीएफ नको, ते कोणी उघडत नाही. आमच्या जेटीवर सोसायटीचा काळा फळा आहे. त्यावर रोज बर्फाचा दर आणि डिझेलचा दर लिहितात. खाली दोन ओळींची जागा मोकळी असते. सेक्रेटरीला फोन केलात तर तो खडूने लिहून टाकेल.

आपला,
एक निवृत्त प्रोसेस ऑपरेटर
मुरूड, जि. रायगड